सायनस लिफ्टच्या दोन पद्धती आणि बाबांचा तारपा

सुरुवातीलाच माफी मागतो. हे लिहायला मी योग्य माणूस नाही. वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेवर लिहायचं तर आमच्या सरांनी लिहावं, आणि तारप्याबद्दल सांगायचं तर माझ्या बाबांनी सांगावं. पण सरांना वेळ नाही आणि बाबांना लिहिता येत नाही. मी दंतवैद्यकाचा विद्यार्थी आहे. शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली, निकाल अजून लागलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आमच्या पाड्यातूनही. त्यामुळे लोकांना वाटतं की मला पुष्कळ कळतं. किती कळतं ते पुढे येईलच. जिथे लिहिताना माझं अवघडेल तिथे सांभाळून घ्यावं.

बोईसर मागे टाकून पूर्वेला डोंगराच्या दिशेने निघालं की एका जागी हवेतला कारखान्यांचा वास संपतो. तिथून थोडं पुढे आमचा पाडा. पावसावरची भातशेती. ती उरकली की बरीचशी माणसं तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर माल चढवायला-उतरवायला जातात. बाबाही जायचे. पण पाड्यात त्यांची ओळख ती नव्हती. ते तारपकरी. आमच्या पाड्यात तारपा वाजवणारा दुसरा कोणी नाही.

वाळलेला दुधी भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सगळे जोड मधमाश्यांच्या मेणाने बंद केलेले. एवढाच तारपा. पण त्याची फुंक तोडायची नसते. तोंडाने फुंकत असतानाच नाकाने श्वास आत घ्यायचा, आणि तेवढा क्षण गालात साठवलेल्या वाऱ्यावर सूर चालू ठेवायचा. मध्ये तारपकरी उभा, त्याच्याभोवती हात गुंफलेल्या माणसांची साखळी फिरते. फुंक तुटली की पाय थांबतात. बाबांची फुंक तुटलेली मी लहानपणी कधी ऐकली नव्हती.

मग दाढा गेल्या. बोईसरला एका गाळ्यात दातांचा दवाखाना होता. तिथला माणूस प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, ‘‘चाचा, निकाल देते हैं. झंझट खतम.’’ चार खेपांत वरच्या डाव्या बाजूच्या चारही मागच्या दाढा गेल्या. भाकर खायला उजवी बाजू होती, पण फुंकायला गाल डावाही लागतो. तो आत बसला. ज्या गालात वारा साठवायचा तोच ढिला पडला.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजात त्यांना काढघालीची कवळी करून दिली. करणारे सिनियर होते, मी फक्त शेजारी उभा होतो. पण घरी मीच केली असं सगळ्यांना वाटलं आणि मी ते खोडलं नाही. त्या वर्षी नाचाच्या दिवसांत मी घरी नव्हतो. मी उमरोळीला खोली घेऊन राहायचो, तिथून कॉलेजला जायचो. बहिणीचा फोन आला. ती माझ्याहून लहान, बोईसरला एका पॅकिंगच्या कंपनीत जाते. तिला हसू आवरत नव्हतं.

‘‘दादा, बाबांची कवळी पडली!’’

‘‘कुठे पडली?’’

‘‘रिंगणात! बाबा असे गाल फुगवून वाजवतात, तं टपकन खाली. आन् मामा वरडला, तारपकऱ्याचं दात पन नाचाया उतरलं! सगळी हसून हसून खाली बसली रे.’’

‘‘मग बाबा?’’

‘‘बाबा पन हसले. कवळी पुसली, खिशात टाकली, परत वाजवला.’’ मग तिचं हसू ओसरलं. ‘‘पन आधीसारखा नाय वाजवला. मधी मधी थांबत व्हते.’’

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा कवळी मिठाच्या बरणीशेजारी फळीवर पडलेली होती. बाबांनी ती पुन्हा घातली नाही. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी बोलून गेलो, ‘‘बाबा, पक्का दात बसवू. हाडात स्क्रू बसवतात, वर दात. कितीही फुंका, हलणार नाय.’’

‘‘खरा?’’ बाबांनी विचारलं.

‘‘खरं.’’

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्यांना ते दात फक्त तारप्यासाठी हवे होते, खाण्यासाठी नाही. हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या वर्षाला आल्यावर मला सेमिनारला विषय मिळाला तो नेमका हाच: सायनस लिफ्टच्या पद्धतींची तुलना. साध्या शब्दांत सांगायचं तर असं. वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या हाडात, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्या की खालचं हाड झिजतं आणि ती पोकळीही खाली उतरते. मग स्क्रू धरायला पुरेसं हाडच उरत नाही. म्हणून पोकळीच्या तळाशी जो पातळ पडदा असतो तो फाडू न देता वर उचलायचा, आणि त्याच्याखाली हाडाची पूड भरायची. काही महिन्यांत तिथे हाड तयार होतं.

पडदा उचलायच्या वाटा मुख्यतः दोन. एक बाजूने. हिरडी उघडून गालाकडच्या हाडाला छोटी खिडकी पाडायची, तिथून पडदा डोळ्यांनी बघत हळूहळू सोडवायचा. सूज जास्त येते, वेळ जास्त लागतो, स्क्रू बसवायला पुष्कळदा काही महिने थांबावं लागतं. पण हाड फार कमी असेल तर हीच वाट, आणि पडदा फाटला तर दिसतो, तिथल्या तिथे सांधता येतो. दुसरी वाट खालून. स्क्रूसाठी जे भोक पाडायचं त्याच भोकातून बोथट अवजार घालून वर हलके ठोके द्यायचे, तळ वर सरकवायचा, थोडी पूड भरायची आणि त्याच दिवशी स्क्रू बसवायचा. जखम लहान, सूज कमी, एका खेपेत काम. पण पडदा दिसत नाही. फाटला तर नेहमी कळेलच असं नाही. सगळं हाताच्या अंदाजावर.

खिडकीच्या पद्धतीचा सराव आम्ही कोंबडीच्या अंड्यावर करायचो. कवचाला चौकोन पाडायचा आणि आतली पांढरी साल न फाडता कवचाचा तुकडा काढायचा. मी उमरोळीहून अर्धा ट्रे अंडी घेऊन घरी गेलो होतो. पडवीत बसून चार फोडली. चारही फाटली.

आई म्हणाली, ‘‘शिकाया गेलाय का अंडी फोडाया? चौथा वरीस लागला, अजून अंडाच फोडते.’’

‘‘आई, फोडायचं नसतंच.’’

‘‘मंग फोडते कशाला?’’

बाबा बाजूला बसून भोपळा खरवडत होते. पुढच्या हंगामाच्या तारप्यासाठी वाळवलेला. त्यांनी हात पुढे केला. मी अंडं दिलं. त्यांनी माझं अवजार घेतलं नाही, आपलीच लहान सुरी घेतली. तिच्या टोकाने कवच घासत राहिले, दाबलं अजिबात नाही. खूप वेळ लागला. आई दोनदा आत जाऊन आली. शेवटी कवचाचा नखाएवढा तुकडा त्यांनी जिभेच्या टोकाने ओला करून उचलला. आतली साल तशीच, फुगीर, हलणारी.

‘‘जोर नाय लावायचा,’’ बाबा म्हणाले. ‘‘भोपल्याचा पन तसाच. खालून ठोकून भोक पाडला तं लवकर व्हते, पन आत काय झाला ते दिसत नाय. बाजूनं कापला तं दिसते, पन भोपला कच्चा व्हते.’’

मी वहीत जे दोन पानं भरून लिहिलं होतं ते त्यांनी एवढ्यात सांगितलं. मी हसलो. तेव्हा हसता आलं.

सेमिनार चांगला झाला. मी इंग्रजीत बोललो, घाम फुटला तरी अडलो नाही. तुलनेच्या शेवटी एक ओळ होती, पुस्तकातून घेतलेली: पद्धत ठरवताना रुग्णाचं काम विचारात घ्यावं. सायनसवर दाब पडेल असं काम असेल, खोल पाण्यात उतरणं असेल किंवा फुंकून वाजवायची वाद्यं असतील, तर आधी विचारून घ्यावं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, फुंकून वाजवायची म्हणजे कोणती? मी म्हणालो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन.

एवढंच म्हणालो. मी कधीही ट्रम्पेट जवळून पाहिलेला नाही.

विसरलो होतो असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. विसरलो नव्हतो. शब्द तोंडाशी आला होता. पहिल्या वर्षाला कॉलेजच्या कार्यक्रमात वर्गातल्यांनी मला पानांचा झगा घालून स्टेजवर उभं केलं होतं. ‘‘तू तर असली माल आहेस, तुला शिकवायची गरज नाही,’’ असं म्हणून. त्यांच्या मनात वाईट नसेल. मी नाचलोही. फोनवर तारप्याचा आवाज लावला होता, तो दोनदा अडकला, लोक हसले. त्या दिवसानंतर मी कॉलेजात तारपा हा शब्द काढला नाही. बाबा काय करतात विचारलं तर शेती म्हणायचो.

बाबांना कॉलेजात घेऊन गेलो ते गणपतीच्या आधी. फोटो काढले, स्कॅन झाला. पदव्युत्तर शिकणाऱ्या एका मॅडमना ही केस मिळाली. सर स्कॅन बघत होते, मॅडम त्यांच्या मागे, मी दाराशी.

‘‘हाड पाच मिलीमीटर,’’ सर म्हणाले. ‘‘अगदी काठावर आहे. बाजूनेही जाता येईल, खालूनही.’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, बाजूने गेलो तर दिसेल तरी.’’

‘‘दिसेल. पण सूज येईल, दोन वेळा उघडावं लागेल. माणूस लांबून येणारा आहे.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘वडील काय करतात?’’

‘‘शेती, सर. उन्हाळ्यात कंपनीत हमाली.’’

‘‘तंबाखू?’’

‘‘सोडली, सर. दोन वर्षं झाली.’’

‘‘आणखी काही? सर्दीचा त्रास, शिंका, दम?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘आणखी काही?’’ सरांनी पुन्हा विचारलं. ते सगळ्यांनाच दोनदा विचारतात.

बाबा बाहेर बाकड्यावर बसले होते. दार उघडंच होतं. मी म्हणालो, ‘‘नाही, सर.’’

मनात मी हिशेब केला होता, तो इथे सांगायला हवा. शस्त्रक्रिया गणपती उठल्यावर लगेच. नाच सुरू होतो भात कापायला आल्यावर. मध्ये सहा-सात आठवडे. जखम जपायचे म्हणून पुस्तकात सांगितलेले दिवस त्यात बसत होते. म्हणजे न सांगताही भागेल. माझी लाजही राहील आणि बाबांचा हंगामही. पण हा हिशेब मी नाच सुरू होण्याच्या दिवसापासून मागे मोजला होता. तारपकऱ्याच्या पोराने तसा मोजायचा नसतो. नाचाच्या कितीतरी आधी नवा तारपा बांधला जातो. मेण लावायचं, नळीतली थरथरून वाजणारी पातळ जीभ बसवायची, फुंकून बघायचं, पुन्हा मेण काढायचं, पुन्हा फुंकायचं. सूर लागेपर्यंत दिवस दिवस जातात. लहानपणी ते मेण मीच ओंजळीत धरून मऊ करायचो. तीन वर्षं त्या दिवसांत मी घरी नव्हतो, आणि ते दिवस माझ्या डोक्यातून गेलेच होते.

ठरलं खालून जायचं. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी शोषनळी धरून उभा होतो. मॅडमचा हात चांगला आहे. प्रत्येक ठोक्याला बाबांच्या पायाची बोटं वळायची. संपल्यावर ते म्हणाले, ‘‘बाय, दुखला नाय. पन डोक्यात कोनी खुटी ठोकते, तसा वाटला.’’

मॅडम हसल्या. ‘‘काका, खूप शांत राहिलात तुम्ही.’’ मग मला म्हणाल्या, ‘‘तुमच्या भाषेत नीट समजावून सांग.’’

मी समजावलं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नळीने काही ओढून प्यायचं नाही. ओझं उचलायचं नाही. फुगे फुगवायचे नाहीत. कागदावर फुगे लिहिले होते, म्हणून मी फुगेही सांगितले.

बाबा म्हणाले, ‘‘मी कशाला फुगं फुगवू?’’

तिथे मी सांगू शकलो असतो. मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

दहाव्या दिवशी टाके काढायला आले तेव्हा बाबा ‘‘बरा हाय’’ म्हणाले. गाल थोडा जड वाटतो, एवढंच. पाचव्या आठवड्यात बहिणीने फोन केला की बाबांच्या तोंडाला वास येतो, डोळ्याखाली ठणकतं, रात्री झोपत नाहीत. मी त्यांना घेऊन गेलो. स्कॅनमध्ये ती पोकळी, जी काळी दिसायला हवी, ती भरलेली दिसत होती. पूड जागेवर नव्हती. स्क्रू बोटाने हलत होता.

सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि बाबांना विचारलं, ‘‘काका, मधल्या काळात काही जोर लावला होता का? नाक शिंकरलं?’’

‘‘नाय नाय. नाक एकदा पन नाय शिंकरला. पोराला विचारा. शिंका आल्या तं तोंड उघडा ठेवून दिल्या. आमची बायको हसाया लागली.’’

‘‘आणि काही?’’

‘‘काय नाय. तारप्याचा सूर तेवढा लावला.’’

‘‘तारपा?’’ सरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तारपा वाजवतात हे?’’

बाबांना वाटलं, साहेबांना तारपा माहीत नाही. ते उत्साहाने सांगू लागले. दोन्ही हात पुढे धरले, गाल फुगवून दाखवले. मॅडमनी पटकन त्यांचा खांदा धरला, ‘‘काका, नको, नको.’’

‘‘आता नाय फुंकत, बाय. दाखवते फकस्त. ह्यात नाकाचा काय काम नाय. नाकानं वारा आत घ्यायचा, बाहेर नाय सोडायचा. बाहेर जाते तो गालातला. तुमी नाकाचा सांगितला होता ना, तं मी नाक सांभाळला. पैल्या दिवशी नाकातून थोडा रगत आला, पांढरं पांढरं दानं आलं. मंग दोन दिवस थांबलो. मंग परत लावला.’’

‘‘पहिला दिवस म्हणजे कधी?’’

‘‘टाकं काढाया आलो ना, त्याच्या आदल्या दिवशी.’’

म्हणजे नववा दिवस. नाकातून रक्त आल्याचं बाबांनी टाके काढताना सांगितलं नव्हतं. का, ते मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ‘‘ती बाय पन शिकतेच हाय ना. तिला वरचा साहेब बोलला असता.’’

गाल फुगवून फुंकताना तोंडात किती दाब होतो आणि नऊ दिवसांच्या जखमेवर तो कसा चढतो हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. नाकाशी संबंध आहे एवढंच सांगितलं होतं. जन्मभर फुंकलेल्या माणसाने त्यावर आपल्या फुंकीचं ज्ञान लावलं आणि नाक जपलं. त्यांचं गणित त्यांच्या बाजूने बरोबर होतं.

सर मला बाहेर घेऊन आले. रागावतील असं वाटलं होतं. ते खालच्या आवाजात बोलले, तेच जास्त लागलं.

‘‘मी दोनदा विचारलं होतं.’’

‘‘हो, सर.’’

‘‘सांगितलं असतंस तर मी सायनसला हातच लावला नसता. आखूड स्क्रूंचा विचार केला असता. नाहीतर बाजूने गेलो असतो, पडदा बघून, आणि यांना नाचाचे दिवस संपल्यावर बोलावलं असतं. घाई काय होती?’’

मी दारातून आत, खुर्चीत बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

‘‘तू तर सेमिनारमध्ये हेच सांगितलंस,’’ सर म्हणाले. ‘‘मी समोर बसलो होतो.’’

स्क्रू त्याच दिवशी काढला. तिथे जे भोक राहिलं ते तोंडातून थेट पोकळीत उघडणारं. पाणी प्यायले की बाबांच्या नाकातून यायचं. औषधं झाली, आतला घाण स्राव थांबला, मग सरांनी स्वतः गालाचं मांस ओढून ते भोक शिवलं. म्हणाले, बहुतेक धरेल. सहा महिने फुंकायचं नाव काढायचं नाही. मग बघू. दात आता विसरा.

त्या वर्षी आमच्या पाड्यात नाच झाला नाही. शेजारच्या पाड्यातून तारपकरी आणता आला असता. काही पोरं म्हणाली, स्पीकर लावू. पण पाड्यातली जुनी माणसं घरी येऊन बसली आणि म्हणाली, एक साल थांबू, तुझी फुंक येऊ दे. बाबा त्यांच्यापुढे मान खाली घालून बसले होते. मी चहा देत होतो. कोणी मला बोललं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, ‘‘पोरगा डाक्टर हाय घरात, तुला काय काळजी.’’ बाबांनी मान हलवली. मी कप गोळा करून आत गेलो.

नवा तारपा बाबांनी कापडात गुंडाळून आढ्याला टांगला. पोरांना त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही.

सहा महिन्यांनी सरांनी तपासलं. नाक दाबून हलकेच फुंकायला लावलं. भोकाच्या जागी काही हललं नाही. ‘‘बाहेरून बंद दिसतंय,’’ सर म्हणाले. ‘‘पण मी खात्री देत नाही. हंगाम येईपर्यंत थांबा. मगही आधी थोडं थोडं फुंका. काही वाटलं तर लगेच थांबायचं.’’ ह्या वेळी सरांनी सगळं स्वतः सांगितलं, मला मध्ये घेतलं नाही. तारपा हा शब्दही त्यांनीच वापरला. मी बाजूला उभा राहून ऐकलं.

एसटीत बाबांनी विचारलं, ‘‘खात्री नाय म्हंजे काय रं?’’

‘‘म्हणजे बहुतेक होईल.’’

‘‘बहुतेक.’’ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मासवणचा पूल गेला. मग म्हणाले, ‘‘तू नको मनाला लावून घेऊ. दाढा तं माज्याच व्हत्या.’’

माझी परीक्षा लांबत लांबत आली ती बरोबर पुढच्या नाचाच्या दिवसांत. मी उमरोळीच्या खोलीवरच होतो. दर दोन दिवसांनी घरी फोन करायचो आणि शेवटी विचारायचो, बाबांनी लावून बघितला का? आई म्हणायची, मेणाचं काम चाललंय. बहीण म्हणायची, भात अजून हिरवा हाय. बाबा फोनवर येत नसत. कामावर गेलेत, नदीवर गेलेत, झोपलेत. तोंडी परीक्षेत मला सायनसवरच प्रश्न आला. पडदा फाटला तर काय कराल? मी उत्तर दिलं. परीक्षक म्हणाले, गुड.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी बहिणीचा फोन आला. ती कंपनीच्या गेटबाहेर होती, मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

‘‘झाला पेपर?’’

‘‘झाला.’’

‘‘चांगला गेला?’’

‘‘बरा गेला. बाबा कसे आहेत?’’

ती गेटपासून थोडी बाजूला गेली. मग म्हणाली, ‘‘दादा, तुला आता सांगते. पंधरा दिवस झाले. बाबांनी सांगितला व्हता, त्याची परीक्षा हाय, त्याला नका सांगू.’’

‘‘काय झालं?’’

‘‘लावून बघितला. घरामागं बसून. पैला सूर आला, चांगला आला, आई पन बाहेर आली. मंग गाल भरला नं... वारा नाकातून जाते, दादा. फुसकन. परत परत बघितला. सगला वारा नाकातून जाते. पानी पन परत नाकातून येते.’’

मी हातातली प्रश्नपत्रिका घडी करून खिशात टाकली.

‘‘काल पाड्यात नाच झाला,’’ ती म्हणाली. ‘‘पल्याडच्या पाड्याचा तारपकरी आणला. बाबाच गेले व्हते त्याला बोलवाया.’’